ज्या दुःखाला पुण्यानुमोदन नसते

घरात कुणी गेले की वस्ती धावून येते. शेजारची बाई पिठले-भाकरी घेऊन येते. दूरचे पाहुणे रात्रीच्या गाडीने पूर्णा जंक्शनवर उतरतात. भन्तेजी येतात, जलदान विधी होतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार माणसे उभी राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. दुःख त्याने संपत नाही, पण ते एकट्याचे राहत नाही.

आता दुसरे एक घर पाहा. इथे नवरा जिवंत आहे. रोज कामाला जातो, रविवारी विहारात वंदनेला बसतो, जयंतीच्या वर्गणीत त्याचे नाव असते. एका रात्री त्याचा फोन चार्जिंगला लावताना बायकोला दिसते ते असे : शेकडो अश्लील चित्रफिती, अनोळखी बायकांशी चाललेले बोलणे, लॉजला पैसे पाठवल्याच्या नोंदी. विचारले तेव्हा आधी तो अंगावर आला, मग रडला, मग लेकरांची शपथ घेतली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा शपथ, पुन्हा तेच.

हे चित्र आम्ही परभणी जिल्ह्यातल्या कुण्या एका घराचे काढलेले नाही. समजावून सांगता यावे म्हणून ते रंगवले आहे. पण वाचताना ज्यांच्या छातीत धस्स झाले, त्यांच्यासाठी आजचे हे आरोग्य पान आहे. या बाईला आपण नुसते ताई म्हणू.

ताईच्या घरी कुणी भाकरी आणत नाही. कारण कुणाला ठाऊकच नाही. माणूस समोर जेवायला बसलेला आहे, पण ज्याला ती ओळखत होती तो माणूस गेला आहे. पुढच्या दहा वर्षांची तिने मनात रचलेली चित्रे गेली. मागच्या आठवणीही जागेवर राहिल्या नाहीत : ‘तेव्हा जिंतूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हाही हा खोटेच बोलत होता का?’ हे दुःखच आहे. फक्त त्याला कुठलाही विधी नाही.

हे इथे बोलायचे का?

विहारात ठेवल्या जाणाऱ्या मासिकात असला विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आम्ही १९३४ सालची आठवण करून देतो. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवत होते. त्यात वाचकांच्या खासगी लैंगिक प्रश्नांना ते शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कोर्टात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, लोक आपल्या अडचणी विचारतात तेव्हा त्यांना ज्ञानाने उत्तर मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते, हे आपल्याला पुरेसे आहे. जे झाकून ठेवले जाते ते सडते, आणि त्याचा त्रास बहुतेक वेळा घरातल्या बाईला होतो.

व्यसन कशाला म्हणायचे, कशाला नाही

लोक याला ‘लैंगिक व्यसन’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, या विकाराला जागा दिली आहे. त्याचे नाव मराठीत ‘अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार’ असे सांगता येईल. मनातली ऊर्मी आवरता न येण्याच्या विकारांत तो धरला आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या यादीत मात्र त्याला वेगळी जागा नाही. म्हणजे ‘व्यसन’ हा शब्द बरोबर की चूक, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. ताईने त्या वादात पडायची गरज नाही. तिला खुणा कळल्या म्हणजे पुरे.

खुणा अशा : लैंगिक गोष्टींची ऊर्मी माणसाला पुन्हा पुन्हा आवरता येत नाही, आणि हे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चाललेले असते. काम, आंघोळ-जेवण, लेकरे, झोप हे सारे मागे पडून त्याच गोष्टीभोवती दिवस फिरू लागतो. सोडायचे अनेक प्रयत्न फसतात. नोकरी, पैसा, संसार पणाला लागला तरी थांबत नाही. पुढे पुढे त्यात सुखही उरत नाही, तरी हात तिकडेच जातो.

आणि काय नाही, तेही नीट समजून घेऊ. एखाद्याची कामेच्छा जास्त आहे, म्हणून तो रोगी ठरत नाही. तरुण पोरगा हस्तमैथुन करतो, हे व्यसन नव्हे. नुसती लाज वाटते किंवा पाप वाटते, एवढ्यावरून हा विकार ठरवू नये, असे त्या यादीतच बजावले आहे. मुलगा किंवा मुलगी समलिंगी असणे हा तर विकारच नाही. आणि एखाद्या नवऱ्याने जाणूनबुजून बाहेर संबंध ठेवला, त्याला तो आवडतो म्हणून चालू ठेवला, तर ती फसवणूक आहे. पकडला गेल्यावर ‘मला आजार आहे’ एवढे म्हटल्याने तो आजार होत नाही. निदान डॉक्टरने करायचे असते; नवऱ्याने नाही, बायकोने नाही, आम्हीही नाही.

कधी कधी मूळ वेगळेच निघते. उन्मादाच्या आजारात माणूस झोपत नाही, वारेमाप बोलतो, पैसा उधळतो आणि लैंगिक वागणेही बेताल होते. कंपवातावरच्या काही गोळ्यांनी असा परिणाम होऊ शकतो. म्हातारपणी मेंदूच्या पुढच्या भागाची झीज झाली तरी वागणे पालटते. दारू किंवा नशा असेल तर तिने लगाम सुटतो. म्हणून साठीच्या माणसाचे वागणे एकाएकी बदलले, तर भांडण करण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यावे, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत घेऊन जाव्यात. कुठलीही गोळी मात्र मनानेच बंद करू नये.

आजार ठरला, तरी जबाबदारी सुटत नाही. मधुमेह झाला हा कुणाचा गुन्हा नाही; पण पथ्य पाळायचे, गोळी घ्यायची ती त्याच माणसाने. इथेही तसेच. आजार हे कारण असू शकते, माफीपत्र नाही. पंचशीलातले तिसरे शील रोज घ्यायचे आणि ते मोडले की ‘माझा इलाज नाही’ म्हणायचे, हे धम्माला धरून नाही. इलाज आहे, आणि तो घेणे हेच त्याचे शील.

दोन बाण

सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. मग त्या वेदनेवर तो शोक करत, स्वतःला कोसत राहतो, तेव्हा त्याला जणू दुसरा बाण लागतो. पहिला बाण टाळणे आपल्या हातात नसते, दुसरा असतो.

ताईला पहिला बाण नवऱ्याच्या वागण्याने लागला. तो खरा आहे, खोल आहे. ‘मनावर घेऊ नको’ असे तिला सांगणे म्हणजे रक्त वाहत असताना जखम नाही म्हणणे. पण त्यानंतर रात्री जागून ती स्वतःला जे म्हणते, तो दुसरा बाण. ‘बाळंतपणानंतर मी जाड झाले म्हणून.’ ‘मी कापूस वेचून थकून येते, त्याला जवळ येऊ देत नाही म्हणून.’ ‘मी काळी म्हणून.’ ‘मी अडाणी म्हणून.’ हा बाण तिने एकटीने उचललेला नाही. सासू, नणंद, कधी सख्खी आईसुद्धा तो तिच्या हातात देते : ‘बाईने सांभाळलं असतं तर पुरुष बाहेर गेला नसता.’

हे खोटे आहे. हे वागणे बहुतेक वेळा लग्नाआधीच सुरू झालेले असते. सुंदर बायका असलेल्यांत ते आहे, शिकलेल्यांत आहे, नोकरदारांत आहे. व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या गटांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात : हे मी घडवलेले नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरे करू शकत नाही. आम्ही त्यात चौथी घालतो : मी मला आणि माझ्या लेकरांना सांभाळू शकते. ताईने या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

राग आला म्हणजे धम्म सुटला का?

आपल्या बायकांची एक जास्तीची अडचण आहे. विहारात मैत्री-करुणेचे प्रवचन ऐकून घरी यायचे आणि त्याच रात्री नवऱ्याचे डोके फोडावे असे वाटायचे. मग रागाचीही लाज वाटते.

आम्ही स्पष्ट सांगतो : हा राग दोष नाही. शरीराला इजा झाली की सूज येते, तसा विश्वास तुटला की राग येतो. माझी हद्द कुणीतरी ओलांडली, एवढेच तो सांगत असतो. परभणीला हे नव्याने सांगायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी इथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हाचा आपला राग योग्यच होता. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, ते राग गिळून झालेले नाही. पण रागाच्या भरात कुणाचे घरही जाळले गेले नाही. बाबासाहेबांनी रागाला शिस्त लावली, त्याला काम दिले. घरातल्या रागालाही काम द्यावे लागते. नाहीतर तो लेकरांच्या पाठीवर निघतो, किंवा स्वतःच्याच अंगावर उलटतो.

राग काय करतो हे शरीरात दिसते. छाती धडधडते, हातपाय थरथरतात, झोप उडते, जेवण जात नाही, तीच चित्रे डोळ्यांपुढे येतात. मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसाचे असेच होते. ही वेड लागल्याची लक्षणे नाहीत. अशा वेळी काय करावे?

रात्री कुठलाही निर्णय घेऊ नये. घर सोडायचे की नाही, हे दिवसा, पोटात अन्न असताना ठरवावे. मात्र मारहाण होत असेल तर वाट पाहू नये. रात्र असो की दिवस, लेकरांना घेऊन बाहेर पडावे.

लेकरांसमोर जाब विचारू नये. बोलायचे ते आधी वहीत लिहावे. मनात येईल त्या शिव्यांसकट लिहावे. दुसऱ्या दिवशी वाचून त्यातली खरी मागणी कोणती, तेवढी वेगळी काढावी.

आनापानसती करणाऱ्यांनी करावी. पण डोळे मिटले की तीच चित्रे येत असतील तर जबरदस्तीने बसू नये. त्याऐवजी चंक्रमण करावे. पहाटे वस्तीच्या रस्त्यावर अर्धा तास, पाऊल टेकते कुठे याकडे लक्ष देत चालावे. चालण्याने अंगातला थरथराट ओसरतो आणि झोपही सुधारते.

आणि पहारा थांबवावा. फोन तपासणे, पाकीट चाचपणे, ड्युटी सुटल्यावर मागोमाग जाणे, यात ताईचे आयुष्य संपते आणि त्याची सवय मात्र संपत नाही. जे एकदा नक्की कळले, ते रोज नव्याने कळून घ्यायची गरज नसते.

जगणेच नको वाटू लागले, विहीर किंवा फवारणीचे औषध डोळ्यांपुढे येऊ लागले, तर एक क्षणही एकटे राहू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते आणि नाव सांगायची सक्ती नाही. घरातले औषधाचे डबे आजच शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवावेत.

आधी स्वतःची तपासणी

मन सावरायला वेळ लागतो. शरीराची तपासणी मात्र थांबवू नये. नवऱ्याचे बाहेर संबंध आले असतील अशी शंका असली, तरी तेवढे कारण पुरेसे आहे. त्याने कबूल करायची वाट पाहू नये.

सरकारी रुग्णालयात आयसीटीसी नावाची खोली असते. तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, आणि निकाल गुप्त ठेवला जातो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही गुप्तता बंधनकारक केली आहे. पहिला निकाल चांगला आला तरी शेवटच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण लागण झाल्यावर काही काळ ती रक्तात दिसत नाही. सोबत गरमी म्हणजे सिफिलिस आणि कावीळ ब यांचीही तपासणी मागावी. अंगावरून पांढरे जाणे, वास येणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ, जांघेत फोड असे काही असेल, तर ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये उपचार होतात. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घ्यावी. एचआयव्हीबद्दल काही विचारायचे असेल तर १०९७ वर फोन करावा.

लागण निघालीच, तर ती मरणाची चिठ्ठी नव्हे. एआरटीची औषधे सरकार फुकट देते, ती रोज नियमाने घेतली तर माणूस दीर्घकाळ धडपणे जगतो. धोक्याचा संबंध नुकताच आला असेल, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते. जितके लवकर तितके चांगले.

आणि निकाल येईपर्यंत निरोधशिवाय संबंध नाही. किंवा संबंधच नाही. हे म्हणण्याचा बाईला पूर्ण हक्क आहे. लग्न झाले म्हणून शरीर गहाण पडत नाही. नकार दिल्यावर मारहाण, जबरदस्ती, किंवा फोनमधले पाहून तसेच करायची सक्ती होत असेल, तर तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली लैंगिक छळ आहे.

हद्द कुठे आखायची

धमकी वेगळी, हद्द वेगळी. ‘पुन्हा असं केलंस तर बघ’ ही धमकी. ‘तपासणीचा कागद दाखवेपर्यंत आपली अंथरुणे वेगळी’ ही हद्द. धमकीने त्याच्यावर ताबा मिळवायचा असतो, हद्दीने स्वतःला राखायचे असते. म्हणून हद्द तीच आखावी जी आपण पाळू शकू. आणि अंगावर धावून येणाऱ्या माणसापुढे ती एकटीने बोलून दाखवू नये. सोबत कुणीतरी हवे.

पैशाचे आधी पाहावे. ताईने स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडावे, बचत गटाचे पैसे, मजुरीचे पैसे त्यातच जावेत. आधार, रेशनकार्ड, लेकरांचे दाखले, जातीचे प्रमाणपत्र, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवाव्यात. तिच्या सहीने कर्ज निघणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

कायद्याचे इतके ठाऊक असावे : सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराचे कलम रद्द केले, त्यामुळे तो आता फौजदारी गुन्हा नाही. पण १९५५ च्या विवाह कायद्याखाली तो घटस्फोटाचे कारण आहे, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना फुकट वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे तिथे पाहिले जात नाही. त्यांचा फोन १५१००, महिलांच्या मदतीचा १८१, आणि जिवावर बेतले तर ११२.

एक हद्द मात्र बोलणीची नाही. त्या फोनमध्ये लहान मुलांचे असले काही सापडले, किंवा घरातल्या-वस्तीतल्या कुठल्याही मुलामुलीला हात लावल्याची शंका आली, तर तो घरचा प्रश्न राहत नाही. लेकराला आधी त्या माणसापासून दूर करायचे आणि १०९८ वर किंवा पोलिसांना कळवायचे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने हे कळवणे बंधनकारक आहे. इथे ना आजाराची सबब चालते, ना समाजाच्या बदनामीची.

तो खरेच सुधारतोय, हे कसे ओळखावे

या विकारावर उपचार आहेत. मुख्य उपचार बोलण्याचा : प्रशिक्षित समुपदेशकासोबत आठवड्यामागून आठवडे बसून, ऊर्मी कधी येते, कशाने येते, ती आली की काय करायचे, हे शिकायचे. सोबत उदासी, चिंता किंवा दारू असेल तर तिच्यावर उपचार. काहींना डॉक्टर गोळ्याही देतात. सुरुवात परभणीच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागातून करावी. फोनच्या आणि अश्लील चित्रफितींच्या अतिवापरावर बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून वेगळे क्लिनिक चालते, यावरून हा त्रास असलेली माणसे पुष्कळ आहेत हे कळावे.

उपचार नसलेल्या गोष्टीही सांगतो. बसस्टँडच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग, शंभर टक्के खात्री’ ही जाहिरात उपचार नाही. बाबा, गंडा, अंगारा हा उपचार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी तो शिरू नये. आणि ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा तर सगळ्यांत घातक सल्ला. तो एका पोराचा प्रश्न एका परक्या पोरीच्या अंगावर ढकलतो. अशा मुलाच्या आईबापांना आमचे हात जोडून सांगणे आहे : आधी डॉक्टर, मग स्थळ. तुमच्या दुःखालाही आम्ही कमी लेखत नाही. पोटच्या पोराची लाज वाटणे फार जड असते. पण ते ओझे सुनेने वाहायचे नाही.

रडणे, शपथ, पाया पडणे ही सुधारणा नव्हे. खरी सुधारणा कंटाळवाणी असते. न सांगता तारखेला दवाखान्यात जाणे. विचारलेल्या प्रश्नाला न चिडता उत्तर देणे. तपासणीचा कागद आपणहून दाखवणे. ‘अजून किती दिवस तेच काढणार?’ असे न म्हणणे. हे महिनोन्महिने चालले तर आशा धरावी. पाय घसरला तर लपवण्याआधी सांगितले का, हे पाहावे.

आणि हे सगळे होऊनही ताईला त्याच्यासोबत राहायचे नसेल, तर तोही धम्माला धरूनच निर्णय आहे. क्षमा म्हणजे मनातले वैर सोडणे. त्यासाठी त्याच घरात राहावे लागते असे नाही. आणि जिने राहायचे ठरवले, तिलाही कुणी लाचार म्हणू नये.

रमाईचे नाव कशासाठी घेता?

अशा बाईला आपल्यात एक वाक्य हमखास ऐकवले जाते : ‘रमाईने किती सोसले, तुला एवढे सोसवत नाही?’ याचे आम्हाला फार वाईट वाटते. रमाईने गरिबी सोसली, लेकरांचे मरण सोसले, ते एका माणसाच्या शिक्षणासाठी आणि त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्या समाजासाठी. कुणाची फसवणूक झाकण्यासाठी नाही. खोटे बोलणाऱ्या नवऱ्याला पाठीशी घालायला रमाईचे नाव वापरणे हा त्या माउलीचा अपमान आहे.

मग ताईने कुणाला सांगावे? सगळ्या वस्तीला नाही. एकदा सुटलेला शब्द परत येत नाही, आणि लेकरांना तो शाळेत ऐकावा लागतो. एक माणूस निवडावा, जो ऐकून घेईल, लगेच ‘सोड’ किंवा ‘सोस’ म्हणणार नाही, आणि जो पंचवीस जणांना सांगणार नाही. बहीण असेल, आशाताई असेल, महिला मंडळातली एखादी पोक्त बाई असेल. लेकरांना त्यांच्या वयाला पेलेल तेवढेच सांगावे : ‘बाबांना एक त्रास आहे, त्यावर उपचार चालू आहेत, तुमची त्यात काही चूक नाही.’ खोटे सांगू नये, तपशील सांगू नये.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दारुड्यांच्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. तिथे बायका नवऱ्यांबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलायला शिकतात. आपल्या विहारांत असे का होऊ नये? वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचनाला बायका जमतातच. वाचन झाल्यावर महिन्यातून एकदा अर्धा तास, दार लोटून, बाहेर काही न नेण्याच्या अटीवर मोकळे बोलणे ठेवावे. विषयाचे नाव ‘लैंगिक व्यसन’ ठेवायची गरज नाही. ‘मनावरचे ओझे’ एवढे पुरे. पुरुषांनीही आपल्यात असे बसावे. ज्याला सुटायचे आहे त्यालाही बोलायला जागा नसते, आणि कधी कधी घायाळ झालेला जोडीदार पुरुष असतो. त्याला तर सांगायची सोयच नसते.

किसागोतमीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मेलेले लेकरू उराशी धरून ती औषध मागत फिरली. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कुणी मेलेले नाही तिथून मूठभर मोहरी आण. ती दारोदार गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मरणाशिवायचे घर एकही नव्हते. आपण या गोष्टीतून अनित्यता शिकतो. त्यात आणखी एक आहे : तिला उत्तर मिळाले ते दारोदार जाऊन, बोलून. प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपले दुःख सांगितले.

ताईला दारोदार जाता येत नाही. म्हणून एक दार तरी तिच्यासाठी उघडे असावे. ती आली तर तिला सल्ला आधी देऊ नका. चहा टाका, शेजारी बसा, आणि पहिले वाक्य एवढेच म्हणा : ‘यात तुझी लाज नाही, बाई.’

जय भीम.